काचबाईची भिंगं

चष्मा तयार झाला की काचबाई तो लगेच पुढे दुकानात पाठवत नसे. आधी हाताला लागेल तो कागद ओढायची, चष्मा त्यावर धरायची आणि त्यावरचं सगळ्यात बारीक अक्षर वाचायची. कधी औषधाच्या पट्टीची मागची बाजू, कधी बसचं तिकीट, कधी साबणाच्या वेष्टनाची कड. अक्षर डगमगलं नाही तर काच नीट बसली. तीस वर्षं हा नेम. त्यामुळे झालं असं, की त्या गावात बारीक अक्षरात जे काही छापलं जात होतं, ते सगळ्यात जास्त वाचलेला माणूस कुणी वकील नव्हता. चष्म्याच्या दुकानात पडद्यामागे काचा घासणारी ही बाई होती.

"या साबणात फूल नाही," ती आतून सांगायची.

"कसलं फूल?" पुढून मालक.

"वेष्टनावर आहे ते. खाली लिहिलंय, फूल केवळ चित्रासाठी."

"बाई, चष्मा झाला का?"

"झाला. फूल नाही."

मालक गिऱ्हाइकाकडे बघून हसायचे आणि आरसा पुढे सरकवायचे.

पडद्यामागची खोली म्हणजे खोली म्हणायची एवढंच. खिडकी नाही. एक लांब ट्यूबलाइट, एक दगडी चाक, त्यावर थेंब थेंब पडणारं पाणी आणि भिंतीला टेकून काचांचे डबे. काच चाकाला लावायची, फ्रेमच्या आकाराची होईपर्यंत फिरवत राहायची, कडेची धार मोडायची, पुसायची. पाण्यानं आणि दगडाच्या भुकटीनं तिच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती, की बँकेतल्या यंत्राला तिचा अंगठा ओळखू येत नसे. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं विचारणाऱ्याला ती "राहून गेलं" म्हणायची, एखाद्या पत्राला उत्तर द्यायचं राहून जातं तसं.

दोन रस्ते सोडून, एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत ती आणि तिची थोरली बहीण राहत. ताई पोस्टात काउंटरवर होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, नोकरी संपून चार. तिला शुगर होती आणि मतं होती, आणि दोन्ही गेली बारा वर्षं आटोक्यात होती, असं काचबाई म्हणे. पस्तीस वर्षं छापील फॉर्मांवर शिक्के मारल्यामुळे ताईचा एका गोष्टीवर पक्का विश्वास बसला होता. जे छापलं जातं ते कुणीतरी तपासलेलं असतं.

दुकानासमोरच्या बसथांब्यावर हिरव्या डब्याच्या पावडरीचं पोस्टर लागलं आणि इथून सगळं सुरू झालं.

पोस्टर माणसाहून उंच. पांढरा कोट घातलेली, गळ्यात नळी अडकवलेली हसरी बाई, हातात हिरवा डबा. वर हातभर अक्षरात, 'गोळ्यांना निरोप द्या. साखरेला सुट्टी द्या.' आणि अगदी तळाला, थांब्याच्या फरशीपासून वीतभर वर, मुंग्यांची रांग चालावी तशा तीन ओळी.

आठवड्याभरात तसलाच हिरवा डबा घरात ओट्यावर आला. आणि टेबलाच्या खणात गोळ्यांची पट्टी होती तशीच राहू लागली. रोज एक खळगा फुटायचा, तो फुटेना.

"ताई, गोळ्या बंद केल्यास?"

"बंद नाही केल्या. थांबवल्यात."

"फरक काय?"

"बंद म्हणजे कायमच्या. थांबवल्या म्हणजे पावडरीला संधी दिली."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टरच सांगतेय ना पोस्टरवर."

"ती डॉक्टर नाहीये."

"कोट घातलाय की."

"खाली लिहिलंय. चित्रातली व्यक्ती डॉक्टर नाही. हे औषध नाही. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. सगळं लिहिलंय, तळाला."

"तू आणि तुझा तळ. जग एवढं मोठं लिहून सांगतंय ते तुला दिसत नाही, आणि मुंगीएवढं असेल ते तेवढं बरोबर दिसतं."

काचबाईनं त्या तीन ओळी कागदावर उतरवून आणल्या. ताईनं कागद उलटसुलट केला. "हे तुझं अक्षर आहे." मग फोनवर फोटो काढून दाखवला. "फोनवर काय, हल्ली काहीही बनवतात." मग, "चल, थांब्यावर जाऊन तूच वाच," असं म्हणून झालं. "गुडघ्यांनी तेवढं वाकता आलं असतं तर मी डोंगर चढले असते," ताई म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

वाद इथवर नेहमीचा होता. या दोघी बहिणी रोज कशावरून ना कशावरून वाद घालत आणि दिवे मालवेपर्यंत विसरत. पण तीन आठवड्यांनी एका सकाळी काचबाई चहा घेऊन बाहेर आली, तर ताई टेबलाशी पेपर वाचत बसलेली. चष्मा पेपरशेजारी घडी करून ठेवलेला.

"चष्मा लाव की."

"लागत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे लागत नाही. आठवडा झाला. लावला तर उलट धूसर दिसतं." ताईनं पेपर जवळ धरला आणि कोपऱ्यातली हरवले-सापडलेची जाहिरात घडाघडा वाचून दाखवली. घराचे कागद हरवले होते कुणाचे तरी. "बघ. आता बोल पावडरीला. तीस वर्षं तू काचा घासतेस, कुणाचा नंबर उतरवलास का कधी?"

ताई इतकी खूश होती की तिचे गाल वर गेले होते.  काचबाईनं कपातला चहा उभ्यानंच संपवला.

हे तिनं आधी पाहिलेलं होतं. दुकानात लागली त्या पहिल्याच वर्षी, याच टेबलाशी, आईनं असाच चष्म्याशिवाय पेपर वाचला होता. आईलाही शुगर होती. तेव्हा काचबाई कामात नवीन, शिकाऊ, आणि शिकाऊ माणसाला जेवढी खात्री असते तेवढी पुढे कधी राहत नाही. "आई, तुझे डोळे सुधारले," असं तिनंच जाहीर केलं होतं आणि शेजारी सांगत फिरली होती. त्यानंतरची दोन वर्षं आईची कशी गेली, त्याबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे. शेवटी आई दोघींना आवाजावरून ओळखायची.

चार वर्षांनी मालकांनी तिला एक नियम शिकवला. महिन्याभरात नंबर हलला, जवळचा चष्मा अचानक नकोसा झाला, तर काच घासायची नाही. गिऱ्हाइकाला आधी रक्त तपासायला पाठवायचं. "साखर चढली की डोळ्यातलं भिंग फुगतं, बाई. जवळचं लख्ख दिसायला लागतं. माणूस हरखतो. आपण हरखायचं नाही." काचबाईनं मान हलवली आणि चाक चालू केलं. पाणी सोडायचं विसरली. काच तिच्या हातात तडकली.

हे तिनं ताईला कधीच सांगितलं नव्हतं. आणि आता सांगायचं म्हणजे नुसतं 'पावडर वाईट' एवढं सांगून भागणार नव्हतं. ताईची साखर चढलेली आहे हे सांगायचं, तर ते तिला कसं कळलं हेही सांगावं लागणार होतं. आईचं ते सकाळचं वाचन पुन्हा टेबलावर आणावं लागणार होतं, आणि त्याबरोबर स्वतःचं वाक्यही. दोन दिवस तिनं तोंड उघडून पाहिलं. तोंडातून "भाजीत मीठ जास्त झालंय का गं?" एवढंच बाहेर पडलं.

तिसऱ्या दिवशी तिनं प्लस दहाचा डबा खाली काढला.

पूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की माणसाला जाडजूड भिंगाचा चष्मा लागायचा. त्यामागचे डोळे माशाच्या डोळ्यांसारखे मोठे दिसत. आता भिंग डोळ्याच्या आतच बसवतात, त्यामुळे त्या काचांना कुणी विचारत नाही. मालकांना टाकवत नव्हत्या म्हणून डबा होता. चाळीसेक असतील. काचबाईनं एका काचेला बारीक गिरमिटानं भोक पाडलं आणि त्यात नायलॉनचा दोरा ओवला. एका मोडक्या चष्म्याची दांडी वाकवून तिचा आकडा केला. सकाळी दुकान उघडायच्या आधी ती थांब्यावर गेली, फरशीवर बसली आणि आकडा पोस्टरच्या चौकटीला अशा बेतानं चिकटवला, की भिंग त्या तीन ओळींच्या पुढे पाच बोटांवर लोंबेल. खाली खडूनं लिहिलं, 'इथे वाकून बघा.'

ताई दर गुरुवारी या थांब्यावरून बस धरते. गुडघे दुखतात हे खरं, पण कुतूहल गुडघ्यांहून दांडगं असतं आणि ताईचं तर फारच. कुणी सांगितलेलं ती ऐकत नाही. स्वतः वाचलेलं ऐकते. काचबाईची सगळी भिस्त यावर होती.

गुरुवार दोन दिवसांवर होता. तोवर बाकीचे लोक वाकले.

पडद्याच्या फटीतून काचबाईला थांबा दिसायचा. पहिला वाकला तो एक बॅगवाला माणूस. आधी इकडेतिकडे पाहिलं, मग बुटाची नाडी बांधायचं निमित्त केलं. त्याच्या मागे दोन बायका.

"काय आहे हे?"

"भिंग."

"ते दिसतंय मला. कशासाठी आहे?"

"वाकून बघा की. मी पिशव्या धरते."

"'चित्रातील व्यक्ती डॉक्टर नाही.' अगं बाई, मग कोण आहे?"

"मॉडेल असेल."

"अंगात कोट आहे."

"माझ्या सुनेच्याही असतो. ती केकच्या दुकानात आहे."

दुपारपर्यंत तिथे वाचून दाखवणारे आणि ऐकणारे अशी मंडळी जमू लागली. बस आली तरी एखादा म्हणे, "थांबा हो, तिसरी ओळ राहिली." पोस्टर चिकटवणारा माणूस शिडी घेऊन शेजारच्या फलकाशी आला, त्यानं भिंग पाहिलं, बोटानं हलवून पाहिलं आणि आपल्या कामाला लागला.

"काढणार नाही का ते?" कुणीतरी विचारलं.

"मला पोस्टर लावायला ठेवलंय. भिंगाचं कुणी काही बोललं नाही."

गुरुवारी ताई थांब्यावर आली. भिंगाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि बसमध्ये चढून गेली.

"थांब्यावर काहीतरी लावलंय म्हणे," संध्याकाळी काचबाईनं पालेभाजी निवडता निवडता विचारलं.

"असेल कुणीतरी रिकामटेकडं. नाहीतर दुसऱ्या पावडरवाल्याचं काम."

"तू बघितलंस त्यातून?"

"मला भिंग कशाला? मला चष्मा लागत नाही, भिंग काय करू?"

काचबाई निवडलेल्या पानांकडे बघत राहिली. एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. ज्या कारणासाठी ताईनं भिंगातून बघायला हवं होतं, त्याच कारणासाठी ती बघणार नव्हती.

तिनं तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी तिनं आणखी भिंगं लावली.

याचं कारण ती स्वतःही धड सांगू शकली नसती. एक म्हणजे, ताई कुठल्या ना कुठल्या थांब्यावर तरी वाकेल अशी आशा. दुसरं म्हणजे, लोक वाकून वाचतात हे बघताना तिला जे बरं वाटत होतं, ते घरी गेल्यावर वाटत नव्हतं. एका माणसाशी बोलायची हिंमत होत नव्हती, म्हणून ती गावाशी बोलत होती. शिकवणीच्या जाहिरातीखाली निघालं, 'छायाचित्रातील काही विद्यार्थी केवळ सराव परीक्षेस बसले होते.' चेहरा उजळवणाऱ्या मलमाखाली, 'परिणाम प्रकाशयोजनेनुसार वेगळे दिसू शकतात.' एका थांब्यावर कुणीतरी खडूनं भिंगाखाली भर घातली होती, 'म्हणजे दिवा विकत घ्या.' ते वाचून काचबाई बसमध्ये एकटीच हसली.

अकरा थांबे झाले तेव्हा मालक डबा हलवून म्हणाले, "बाई, भिंगं कमी झालीत."

"हो."

"विकली?"

"नाही."

"मग?"

"लावली."

मालकांनी काचेच्या दारातून समोर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "त्याचा मध्य ओळीवर आलेला नाही," ते म्हणाले. "जरा डावीकडे घ्या." आणि पुढे जाऊन फ्रेमा पुसू लागले.

मग एका सकाळी मास्तर आले. हे निवृत्त विज्ञानशिक्षक, दुकानाचे जुने गिऱ्हाईक. आरशात न बघता ते सरळ पडद्यापाशी आले आणि घडी घातलेला पेपर त्यांनी काचबाईच्या पुढ्यात धरला. घडीच्या मधोमध वाटाण्याएवढं गोल भोक होतं, कडा तपकिरी. पेपराला जळका वास.

"वाचनालयाच्या थांब्यावर बसलो होतो," मास्तर म्हणाले. "पिशवी खाली पोस्टरला टेकवून ठेवलेली, पेपर तिच्यातून डोकावत होता. धूर आला म्हणून पाहिलं. प्लस दहा आहे ना?"

काचबाईनं भोकाच्या तपकिरी कडेवरून बोट फिरवलं.

"तो थांबा पूर्वेला तोंड करून आहे," मास्तर आवाज न चढवता म्हणाले. "सकाळचं ऊन थेट येतं. सातवीच्या मुलांना मी हा प्रयोग करून दाखवायचो. तुम्हाला सांगायला पाहिजे असं वाटलं नव्हतं."

"मास्तर, माझं काम ट्यूबलाइटखाली," ती कशीबशी म्हणाली. हे काही उत्तर नव्हतं. पण खरं तेच होतं. तीस वर्षं भिंगं हाताळून तिला त्यातून अक्षर मोठं होतं एवढंच दिसत आलं होतं. त्या खोलीत सूर्य कधी आलाच नव्हता, म्हणून तो तिच्या ध्यानातही आला नाही.

"माझ्याआधी तिथे एक बाई तान्हं बाळ घेऊन बसली होती," मास्तर म्हणाले. "बस लवकर आली तिची. मी लोकांना चांगलंच म्हणालो तुमच्याबद्दल, म्हणजे ज्यानं कुणी लावलंय त्याच्याबद्दल. पण आता काढा."

काचबाईनं चाक बंद केलं, कात्री घेतली आणि मालकांना न विचारता बाहेर पडली. वाचनालयाचं भिंग मास्तरांनी काढूनच आणलं होतं. उरलेल्या थांब्यांवर ती बसनं, मग पायी, मग पुन्हा बसनं गेली. प्रत्येक ठिकाणी फरशीवर बसायची, दोरा कापायची, भिंग रुमालात गुंडाळायची. दोन ठिकाणी पोस्टरवर सुपारीएवढे तपकिरी डाग पडले होते. एका थांब्यावर एक मुलगी म्हणाली, "अहो काकू, काढता कशाला? आम्ही वाचतो ते." काचबाई म्हणाली, "जाळतं ते." मुलीला वाटलं, बाई तिरसट आहे.

शेवटचं भिंग दुकानासमोरचं. ऊन कलायला आलं होतं. ती खाली बसून आकडा उपटत असताना शेजारी ओळखीच्या चपला येऊन थांबल्या.

"तू?" ताई म्हणाली.

काचबाईनं वर पाहिलं. हातात कात्री, मांडीवर रुमाल, रुमालात नऊ भिंगं. नाही म्हणायला काही उरलंच नव्हतं.

"हे सगळं तू लावलंस. आणि मला विचारतेस, थांब्यावर काहीतरी लावलंय म्हणे."

"हो."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मी घरातच असते," ताई म्हणाली. "टेबलाच्या पलीकडे. मला गाठायला एवढे थांबे लागले तुला?"

"सांगितलं होतं की. पावडर सोड म्हणून सांगितलं."

"ते तर शेजारीणही सांगते. पावडरीचं नाही विचारत मी. पेपर वाचून दाखवला त्या दिवसापासून तू माझ्याकडे बघत नाहीयेस. जेवताना भिंतीकडे बघतेस. पोस्टात पस्तीस वर्षं काढलीत, पाकीट न फोडता आत काय आहे ते कळतं मला. काय आहे?"

बस आली, थांबली, कुणी चढलं नाही म्हणून गेली.

"आत चल," काचबाई म्हणाली.

मालकांनी दोघींकडे पाहिलं आणि न विचारता खुर्ची मोकळी करून दिली. तपासायच्या खुर्चीत ताई बसली, पाय जुळवून, पर्स मांडीवर. काचबाईनं तिच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली. एकेक काच घातली, काढली. "वाच." "आता?" "आता बरं की मघाशी?" गिऱ्हाइकाशी बोलतात तसं.  मागच्या नंबराचा कागद आणि आजचा, दोन्ही तिनं शेजारी शेजारी ठेवले.

"किती फरक आहे?" ताईनं विचारलं.

"पुष्कळ."

"उतरलाय?"

"हललाय. उतरणं वेगळं. महिन्यात एवढा हलला, तर आम्ही चष्मा करत नाही. रक्त तपासून या म्हणतो. साखर चढली की डोळ्यातलं भिंग फुगतं. जवळचं लख्ख दिसतं. ते बरं होणं नाही, ताई."

"प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगता हे?"

"प्रत्येकाला."

"आणि मला एक महिना नाही सांगितलंस."

काचबाईनं फ्रेम काढून घेतली. ती पुसत राहिली, पुसायला काही नव्हतं तरी.

"आईनं पण वाचला होता," ती म्हणाली. "त्याच टेबलावर. आणि मी म्हणाले, डोळे सुधारले. तुला आठवत असेल. पुढे चार वर्षांनी मला कळलं की ते काय होतं. तेव्हापासून तुला सांगायचं राहिलंय. हे सांगायचं तर ते सांगावं लागलं असतं."

 पुढे दुकानात कुणीतरी फ्रेम घालून बघत होतं आणि मालक त्याला "शोभतोय" म्हणत होते.

"शेजारी सांगायला तू एकटी नव्हती गेलीस," ताई शेवटी म्हणाली. "वरच्या मजल्यावर मी गेले होते. माझं वय तेव्हा तुझ्याहून सहा वर्षांनी जास्तच होतं."

"तू काचांचं काम नव्हतीस करत."

"तूही नव्हतीस. पहिलं वर्ष होतं तुझं. फडकं मारायला ठेवलं होतं तुला." तिनं पर्सची चेन उघडली, बंद केली. "मला राग आलाय. आईचा नाही. तू मला बारीक अक्षरात लिहून रस्त्यावर टांगलंस, त्याचा आलाय. एवढी मी अवघड आहे का गं?"

"आहेस," काचबाई म्हणाली.

मालक पलीकडे खोकले. ताईला हसू आलं, पण ते तिनं बाहेर येऊ दिलं नाही.

"प्रयोगशाळा कुठेय तुमची? गिऱ्हाइकांना पाठवता ती."

"समोर. मी येते."

"नको. तुमची गिऱ्हाइकं एकटी जातात ना?"

ती रस्ता ओलांडून गेली. काचबाई दारातच उभी राहिली. हातात काही नसताना उभं राहायची तिला सवय नव्हती, म्हणून तिनं मालकांकडून फडकं घेतलं आणि दाराची काच आतून पुसली, मग बाहेरून पुसली.

रक्ताचा अहवाल जसा यायचा तसाच आला, साखर चढलेली. डॉक्टरांनी ताईला इतकं सुनावलं, की घरी आल्यावर ती तासभर डॉक्टरांच्या स्वभावाबद्दल बोलत होती. पण खणातल्या पट्टीचे खळगे दुसऱ्या दिवसापासून एकेक करून फुटू लागले. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली. थोडं बिघडलंय, फार नाही, असं निघालं. 'फार नाही' हे दोघींनी डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं.

थांब्यांवर नवीन पोस्टरं आली. तीच बाई, तोच कोट. बारीक ओळी मात्र आता तळाला नव्हत्या. वर छपराला लागून होत्या. "आता शिडी लावा," थांब्यावर कुणीतरी म्हणालं. पण त्या ओळी लोकांना पाठ झाल्या होत्या. वाचनालयाच्या थांब्यावर फरशीवर कुणीतरी पांढऱ्या खडूनं, हातभर अक्षरात लिहिलं होतं, 'चित्रातील व्यक्ती डॉक्टर नाही.' पावसानं, पायांनी ते पुसलं जाई आणि दोन दिवसांनी वेगळ्याच हस्ताक्षरात परत दिसे. काचबाईनं ते लिहिलं नव्हतं. कुणी लिहिलं, हे तिनं शोधलंही नाही. उन्हात ते काही जाळत नव्हतं, एवढं तिला पुरे होतं.

गोळ्या सुरू होऊन महिना झाला असेल. सकाळी ताई टेबलाशी बसली, पेपर उघडला, जवळ धरला, लांब धरला, खिडकीकडे वळवला. मग खाली ठेवला.

"अगं ए," ती म्हणाली, "दिसत नाहीये."

काचबाई ओट्याशी होती. ती वळली नाही. कितीतरी हजार माणसांना दिसावं म्हणून तिनं आयुष्यभर काचा घासल्या होत्या. कुणाला दिसत नाही हे ऐकून बरं वाटायची तिची ही पहिलीच वेळ.

"जुना चष्मा लाव."

"लावला. तोही नीट नाही. मोठी अक्षरं तेवढी दिसतायत." ताईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "हसतेस काय पाठमोरी? खांदे हलतायत तुझे. नवीन करून दे."

"पंधरा दिवस थांब."

"का म्हणून? घरातली काच घासणारी आणि मला पंधरा दिवस?"

"नंबर बसू दे. सगळ्यांना हेच सांगतो आम्ही."

"बरं," ताई म्हणाली. तिनं पेपर टेबलावरून काचबाईच्या बाजूला सरकवला. "तोवर तू वाच. पण सगळं वाच. तुझं नेहमीसारखं फक्त तळचं नको."